पुंजका दिसला की कारण असलंच पाहिजे का? (जीवांचं पसरणं आणि संभाव्यतेचं गणित)

रानभुली

नकाशावर ठिपके आहेत. एक ठिपका म्हणजे एक झाड, एक घरटं, एक वारूळ, काय हवं ते समजा. काही ठिकाणी ठिपक्यांची दाटी, काही ठिकाणी शुकशुकाट. बघणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: इथेच एवढी गर्दी का? मग माती, ओल, ऊन, शत्रू यांतलं काहीतरी शोधायला आपण निघतो. ते सापडतंही, कारण कुठल्याही दोन जागांत काही ना काही फरक असतोच.

माझं म्हणणं असं की पुंजक्याला दरवेळी बाहेरचं कारण लागत नाही. जमीन सगळीकडे सारखी, जीव सगळे सारखे, कोणाला कोणाची ओढ नाही, एवढं मान्य करून सुरुवात केली तरी पुंजके होतात. तेही दोन अगदी वेगळ्या तऱ्हांनी. या दोन तऱ्हांची गल्लत होते, म्हणून हा धागा.

पहिली तऱ्हा निव्वळ योगायोगाची. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण लंडनवर व्ही-१ उडते बॉम्ब पडले, तेव्हा ते ठराविक भागांवर नेमके सोडले जातात असा लोकांचा समज झाला होता. आर. डी. क्लार्क यांनी १९४६ मध्ये त्याचा हिशोब छापला. १४४ चौरस किलोमीटरचा भाग, त्याचे पाव चौरस किलोमीटरचे ५७६ चौकोन, एकूण ५३७ बॉम्ब. एकही बॉम्ब न पडलेले चौकोन २२९ निघाले. बॉम्ब कुठेही सारख्याच शक्यतेने पडत असतील तर पॉयसाँच्या सूत्राने (निव्वळ योगायोगाने घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील ते सांगणारं सूत्र) ते २२६.७४ यायला हवेत. एक बॉम्ब पडलेले २११ (अपेक्षा २११.३९), दोन पडलेले ९३ (९८.५४), तीनवाले ३५ (३०.६२), चारवाले ७ (७.१४), पाच किंवा जास्त १ (१.५७). म्हणजे एका चौकोनावर चार बॉम्ब आणि शेजारच्यावर एकही नाही, यामागे कुणाचा नेम नव्हता. एकसारखं अंतर ठेवून पडलेले ठिपके दिसले असते तर उलट संशय घ्यायला हवा होता.

दुसरी तऱ्हा मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण ती फक्त सजीवांना लागू आहे. बॉम्ब बॉम्बाला जन्म देत नाही. जीव मरतो तो कुठेही मरतो, जन्मतो मात्र आईच्या आसपास. मरणाला शेजारी कोणी लागत नाही, जन्माला लागतं. एखादी जागा एकदा ओस पडली की ती आपोआप भरत नाही, भरलीच तर कडेच्या लोकांकडून. एवढी एक विषमता पुरेशी आहे.

आकड्यांत बघा. १००० जीव, प्रत्येकाला पुढच्या पिढीत सरासरी एक अपत्य, संख्या पॉयसाँप्रमाणे कमीजास्त. लोकसंख्या सरासरीने वाढतही नाही, घटतही नाही. पहिल्याच पिढीत सुमारे ३६८ जणांचा वंश बुडतो. शंभर पिढ्यांनंतर वंश टिकून राहण्याची शक्यता साधारण २/१००, म्हणजे हजारांपैकी वीसेक घराणी उरतात. एकूण संख्या सरासरी हजारच, तर उरलेल्या प्रत्येक घराण्यात सरासरी पन्नास जण. आणि हे पन्नास जण एकाच पूर्वजाच्या जागेभोवती, कारण शंभर पिढ्यांत भटकून भटकून जाणार किती? एका पिढीच्या पावलाच्या दहापट. हजार ठिकाणी विखुरलेले जीव होते, आता वीस टोळकी आहेत. कोणी कोणाकडे आकर्षित झालं नाही, कुठली जमीन चांगली नव्हती.

ही शाखन प्रक्रिया जुनी आहे. आडनावं का नामशेष होतात या प्रश्नावर गॉल्टन आणि वॉटसन यांनी १८७० च्या दशकात ती मांडली. त्याआधी १८४५ मध्ये बिएनेमे यांनी तेच उत्तर दिलेलं होतं. हे गणित गोत्यात आलं ते पुढे, घराण्यांना जमिनीवर जागा द्यायची वेळ आली तेव्हा.

टोकदार

धागा छान आहे, पण रानात फिरणाऱ्या माणसाला हे पचायला जड जातं. ओढ्याच्या काठाने एक झाड रांगेत उभं असतं आणि वर माळावर एकही नसतं. तिथे काय शाखन प्रक्रिया सांगायची? पाणी आहे म्हणून झाड आहे. गणितवाल्यांना सगळी जमीन सपाट आणि सारखी दिसते, कारण ते बाहेर पडत नाहीत.

दुसरं, तुमच्या हिशोबाने शंभर पिढ्यांत वीस घराणी, तर हजार पिढ्यांत दोन आणि मग एकही नाही. मग आज जंगलं शिल्लक कशी?

चकवा

टोकदार आले, आता धागा शंभरी गाठणार. मी कडेला बसून वाचतो.

रानभुली

टोकदार, ओढ्याकाठच्या झाडाबद्दल माझं काही भांडण नाही. जमीन सारखी असते असं मी म्हणतच नाही. जमीन सारखी असती तर काय दिसलं असतं हे आधी माहीत हवं, म्हणजे जमिनीच्या पदरात किती श्रेय टाकायचं ते कळेल. ओढ्याकाठी रांग दिसते हे पाण्यामुळे. पण त्या रांगेतही झाडं घोळक्याने आहेत आणि मधे मोकळ्या फटी आहेत, ते कशामुळे?

दुसरा मुद्दा मात्र खरा कळीचा आहे. निरंक इथे असतील तर त्यांनी लिहावं, मिती हा शब्द मी मुद्दाम टाळला होता.

निरंक

हाक मारलीत तर लांबण लागणार, आधीच सांगतो.

टोकदारांचा प्रश्न असा करू: पुंजके बनणं थांबतं की चालूच राहतं? उत्तर जागा किती मितींची आहे यावर अवलंबून आहे, आणि ते कागदावर चार ओळींत दाखवता येतं.

मी स्वतः एक ठिपका आहे असं धरा. माझ्या शेजारी माझे नातेवाईक किती, ते मोजायचं. क पिढ्यांपूर्वीचा माझा पूर्वज घ्या. त्याला माझ्या शाखेखेरीज आणखी अपत्यं होती, पॉयसाँच्या नियमाने सरासरी एक. (एकूण सरासरी एकच असताना माझी शाखा सोडून आणखी एक कसं, असं वाटेल. पण मी आज हयात आहे म्हटल्यावर माझे पूर्वज जास्त अपत्यवाल्यांतलेच असण्याकडे कल आहे.) त्या अपत्यापासून पुढे जन्म-मृत्यू समतोल, म्हणून आजच्या घडीला त्याचा सरासरी एक वंशज. थोडक्यात, मागे जाल तेवढ्या प्रत्येक पिढीमागे माझा सरासरी एक नातेवाईक आज कुठेतरी आहे. तो माझ्या जवळ असण्याची शक्यता किती? त्याची शाखा क पावलं भटकली, माझीही तेवढीच. आमच्यातलं अंतर क च्या वर्गमुळाच्या मापाचं. एका रेषेवर राहत असू तर तो माझ्या शेजारी असण्याची शक्यता १/√क च्या प्रमाणात, पृष्ठभागावर १/क च्या, आणि पाण्यात किंवा हवेत तिन्ही दिशा मोकळ्या असतील तर १/(क√क) च्या.

आता सगळ्या पिढ्यांची बेरीज करा. तीन मितींत ही बेरीज कितीही पदं घेतली तरी २.६१ पर्यंत जाऊन थबकते. शेजारी थोडे नातेवाईक, पण मर्यादेत, समतोल टिकतो. एका मितीत बेरीज भराभर अनंताकडे जाते. दोन मितींत? १ + १/२ + १/३ + १/४... पहिल्या हजार पदांची बेरीज ७.४९, दहा लाख पदांची १४.३९. इतकी सावकाश वाढते की थांबली असं वाटावं. पण थांबत नाही.

सरासरी घनता तेवढीच आणि माझ्या शेजारची गर्दी मात्र वाढत चाललेली. दोन्ही एकाच वेळी खरं असायचं तर बाकीची जागा रिकामी होत जायला हवी, आणि तसंच होतं. म्हणजे सपाट जमिनीवर हा समतोल टिकाऊ नाही. पुंजके दाट होत जातात, मधलं अंतर वाढत जातं, आणि तुम्ही कुठल्याही एका ठराविक जागी उभे राहिलात तर कधीतरी तिथे कोणीही उरत नाही.

हे ओळखीचं वाटत असेल तर ते बरोबर आहे. पोल्या यांनी १९२१ मध्ये सिद्ध केलं की जाळीवर वाट फुटेल तिकडे चालणारा एका आणि दोन मितींत सुरुवातीच्या जागी नक्की परत येतो, तीन मितींत परत येण्याची शक्यता जेमतेम ३४ टक्के. तिथेही हीच बेरीज आहे. गणितज्ञ काकुतानींच्या नावावर एक वाक्य फिरतं: दारुड्या माणूस घरी पोचेल, दारुडा पक्षी कदाचित कधीच नाही.

दोन मिती ही बरोबर सीमारेषेवर पडलेली केस आहे आणि जमिनीवरचे सगळे जीव नेमके तिथे राहतात. मला हा या विषयातला सर्वांत खोडसाळ भाग वाटतो. दोनऐवजी थोडं काही जास्त असतं तर जीवशास्त्रज्ञांचा निम्मा ताप वाचला असता.

नवखी

निरंक सर, मस्त समजावलंत. एक शंका. प्रत्यक्षात प्राणी सरळ क पावलं भटकत नाहीत, एखादा फार लांब उडून जातो. तेव्हाही हीच बेरीज लागते का?

निरंक

सर नको. प्रश्न नेमका आहे. पावलांचा व्हेरियन्स (पावलं किती लहानमोठी पडतात याचं, अंतराच्या वर्गातलं माप) मर्यादित असेल तर पुरेशा पिढ्यांनंतर हीच बेरीज. उड्या इतक्या लांब असतील की व्हेरियन्सच अनंत होतो, तर अंतर वर्गमुळापेक्षा वेगाने वाढतं आणि दोन मितींतही बेरीज थबकू शकते. लांब उड्या पुंजके मोडतात. पण त्याच लांब उड्या पसरण्याचा वेग कसा बिघडवतात तेही बघायला हवं, ते कोणी लिहील का?

पाणकोंबडा

मी लिहितो. या खेळाची सुरुवातच डासांपासून झाली हे इथे यायला हवं. हिवतापाचा परजीवी डासात असतो हे दाखवणारे रोनाल्ड रॉस यांना पडलेला प्रश्न साधा होता: अमुक भागातली डासांची पैदास बंद केली तर बाहेरचे डास आत किती खोलवर येतील? कार्ल पियरसन यांनी १९०५ मध्ये नेचर या विज्ञाननियतकालिकात पत्र लिहून हाच प्रश्न गणिती रूपात विचारला आणि रँडम वॉक (वाट फुटेल तिकडे चालणं) हे नाव त्या पत्राने रूढ केलं. उत्तर भौतिकशास्त्रज्ञ रॅले यांच्याकडे आधीपासून तयार होतं, ध्वनिलहरींच्या बेरजेचं.

नुसतं भटकणं असेल तर पसरण्याचा पल्ला काळाच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे दिवसेंदिवस मंदावतो. त्यात पैदास मिसळली की चित्र पालटतं. १९३७ मध्ये फिशर यांनी, आणि त्याच वर्षी कोल्मोगोरोव्ह, पेत्रोव्हस्की व पिस्कुनोव्ह यांनी दाखवलं की पसरणाऱ्या वस्तीची आघाडी एका ठराविक वेगाने पुढे सरकते: २√(रड). इथे र म्हणजे विरळ वस्तीतला वाढीचा दर, ड म्हणजे विसरणाचा (जीव किती झपाट्याने विखुरतात त्याचा) गुणांक. वेग दुप्पट हवा तर पैदास चौपट लागते.

याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे मस्करॅट. हा उत्तर अमेरिकेतला पाणथळीत राहणारा कुरतडणारा प्राणी १९०५ मध्ये प्रागजवळ मोजक्या संख्येने सुटला आणि मध्य युरोपभर पसरला. स्केलम यांनी १९५१ मध्ये वर्षावर्षाच्या सीमारेषा घेऊन प्रत्येकीतलं क्षेत्रफळ मोजलं आणि त्याचं वर्गमूळ काळासमोर मांडलं. सरळ रेषा आली. सीमारेषा स्वतः वेड्यावाकड्या आहेत, डोंगर आणि नद्या त्यांना ओढतात-ढकलतात, पण वर्गमूळ सरळ. टोकदारांसाठी मुद्दाम सांगतो, जमीन सपाट नव्हती तरी गणित चाललं.

त्याच लेखात स्केलम एका ठिकाणी अडले आणि तो अडथळा जास्त शिकवणारा आहे. हिमयुगानंतर ओक ब्रिटनच्या उत्तरेपर्यंत पोचले. ओकचं फळ जड, झाडाखाली पडतं. झाड फळायला काही दशकं. पडत-रुजत एवढ्या पिढ्यांत इतकं अंतर कापणं त्या गणितात बसतच नाही. हा पेच क्लेमेंट रीड यांनी १८९९ मध्ये मांडला होता आणि त्यांच्याच नावाने ओळखला जातो. स्केलमांचा निष्कर्ष: पक्ष्यांसारख्या वाहकांची मदत झालीच असणार. शंभरांतली नव्याण्णव फळं झाडाखालीच राहतात, उरलेलं एक कोणीतरी उचलून लांब पुरून ठेवतं आणि विसरतं. आघाडी त्या एका फळावर चालते.

गणिताने पुढे हे नेमकं केलं. कॉट, लुईस आणि व्हान डेन ड्रिश यांचा १९९६ चा लेख आहे. लांब जाण्याची शक्यता अंतरागणिक घातांकी वेगाने किंवा त्याहून झपाट्याने घटत असेल तर आघाडीचा वेग ठराविक राहतो. शेपटी त्याहून जाड असेल, म्हणजे लांबच्या उड्यांची शक्यता त्याहून सावकाश घटत असेल, तर वेग वाढतच जातो. आता गंमत बघा: सर्वेक्षणात बहुतेक बिया आईपासून थोड्या अंतरावर सापडतात आणि त्यावरून आपण सरासरी काढतो. आघाडीचा वेग ठरवणाऱ्या बिया त्या सर्वेक्षणात सापडलेल्याच नसतात.

केन टोड या बेडकांचं तर आणखी पुढे गेलं. १९३५ मध्ये उसावरचे भुंगेरे खातील म्हणून ते ऑस्ट्रेलियात आणले, जेमतेम शंभरेक. सुरुवातीला आघाडी वर्षाला सुमारे १० किलोमीटर सरकायची, पुढे ५० च्या वर गेली. २००६ मध्ये फिलिप्स आणि सहकाऱ्यांनी आघाडीवरचे बेडूक मोजले तर त्यांचे पाय शरीराच्या मानाने लांब निघाले. जो लांब जातो तो पुढे असतो, पुढे असलेल्यांचीच आपसात पिल्लं होतात, ती आणखी लांब जातात. फिशरच्या सूत्रातला ड स्थिर आहे असं त्या बेडकांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

चकवा

बेडकांना सांगायला हवं होतं. एक समिती नेमा.

रानभुली

पाणकोंबडा, आघाडीचा विषय काढलातच तर मूळ धाग्याला जोडणारी गोष्ट राहून गेली. आघाडीवर माणसं कमी, पण पुढची सगळी जमीन त्यांच्या वंशाची. म्हणजे तिथे योगायोगाला फार जोर. हॅलाचेक आणि सहकाऱ्यांचा २००७ चा प्रयोग: ई. कोलाय जिवाणूंचे दोन वाण, फरक फक्त चमकण्याच्या रंगाचा. निम्मे-निम्मे नीट मिसळून ताटलीच्या मधोमध एक थेंब ठेवला. वसाहत वाढत गेली तसे रंग वेगळे होत गेले आणि कडेला एकरंगी पाचरी तयार झाल्या. मधे मिश्रण तसंच. कुठल्याही रंगाला फायदा नव्हता, ताटली सगळीकडे सारखी होती. बाहेरून कोणी ही ताटली पाहिली तर या भागात हिरवे आणि त्या भागात लाल का, यावर प्रबंध लिहील.

टोकदार

जिवाणू आणि बॉम्ब झाले. जंगलाचं बोला. निरंक म्हणतात पुंजके दाट होतच जातात. मी म्हणतो होत नाहीत. जॅन्झेन आणि कॉनेल यांनी १९७०-७१ मध्येच सांगून ठेवलंय की आईच्या पायाशी रोपांचा जास्त फडशा पडतो, कारण त्या जातीवर जगणारे किडे आणि बुरश्या तिथे टपलेल्या असतात. मग गर्दी आपोआप कापली जाते. तुमच्या मॉडेलमध्ये कोणी कोणाची भाकरी खात नाही, म्हणून ते असं वागतं.

निरंक

अगदी हेच. आणि या विषयात हा घोळ तीसेक वर्षं चालू होता.

सेवॉल राइट यांनी १९४३ मध्ये आणि गुस्ताव्ह मालेको यांनी १९४८ मध्ये अंतर वाढतं तसं जनुकीय नातं कसं विरळ होतं याचं गणित मांडलं. त्यात तीन गोष्टी एकत्र धरलेल्या होत्या: लोकसंख्या सगळीकडे सारख्या घनतेची, प्रत्येकाची अपत्यसंख्या इतरांपासून स्वतंत्र, आणि पिल्लं आईपासून यदृच्छया विखुरतात. १९७५ मध्ये फेल्सनस्टाइन यांनी दाखवलं की या तिन्ही गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. दुसरी आणि तिसरी मानली की पहिली मोडते; मी वर केलेल्या बेरजेमुळे. त्यांनी जमिनीच्या समोरासमोरच्या कडा जोडून टोरस (मेदूवड्याचा आकार) बनवला, म्हणजे काठाचा दोष देता येऊ नये, तरीही पुंजकेच. सूत्रं वापरात राहिली, उपयोगीही पडली, पण ती ज्या लोकसंख्येची आहेत ती लोकसंख्या अस्तित्वातच असू शकत नव्हती.

सुटायच्या वाटा अनेक निघाल्या. किमुरा यांची १९५३ ची पायरीदगडांची रचना: ठराविक जागी वस्त्या, प्रत्येकीची संख्या कायम, शेजारी देवाणघेवाण. हिशोबाला सोपी, पण वस्त्या बाहेरून लादलेल्या. हॅरिस यांची १९७४ ची कॉन्टॅक्ट प्रोसेस: जाळीच्या एका खान्यात एकच जीव, भरलेल्या खान्यात जन्म वाया. त्यात जन्मदराला उंबरठा असतो, रेषेवर प्रत्येक शेजारच्या खान्यामागे मृत्युदराच्या साधारण १.६५ पट, त्याखाली सगळे मरतात. नेमक्या उंबरठ्यावरही मरतातच, हे बेझुइडनहाउट आणि ग्रिमेट यांनी १९९० मध्ये सिद्ध केलं. आणि मला सगळ्यांत आवडणारी वाट बार्टन, एथरिज आणि व्हेबर यांची, २०१० च्या आसपासची. तिथे जीव केंद्रस्थानी नाहीतच, घटना आहेत. जमिनीवर यदृच्छ जागी एक वर्तुळ पडतं, त्यातल्या जीवांचा ठराविक हिस्सा मरतो, आणि त्या वर्तुळातल्याच एका जन्मदात्याच्या वंशाने ती जागा भरते. घनता कायम राहते, वंशावळ मात्र पुंजक्यापुंजक्याने चालते. वणवा, पूर, रोगाची साथ यांची आठवण होते ती उगीच नाही.

उलटी छत्री

टोकदारांच्या भाकरीवरून. स्पर्धा घातली की पुंजके जातात हे नेहमी खरं नाही. ज्यांना संगणकावर खेळायचंय त्यांच्यासाठी कृती देतो, वीस-पंचवीस ओळींचं काम आहे.

आधी स्पर्धेविना. चौकोन घ्या, बाजू १, समोरासमोरच्या कडा जोडा. २००० ठिपके यदृच्छ टाका. प्रत्येक पिढीत २००० नवे ठिपके. प्रत्येकाने जुन्यांतून एक आई यदृच्छया निवडायची आणि तिच्या जागेपासून दोन्ही दिशांना ०.००२ प्रमाण विचलनाची (साधारण तेवढ्या मापाची) लहानशी ढकल घ्यायची. जुने पुसा. शंभर पिढ्यांत चाळीसेक घराणी उरतात आणि चित्र डागाळलेलं दिसू लागतं. सरासरी चार हजार पिढ्यांत सगळे एकाच पूर्वजाचे वंशज होतात, आणि त्यांचा ढग किती रुंद? २००० चं वर्गमूळ सुमारे ४५, गुणिले ०.००२, म्हणजे बाजूच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पूर्ण चौकोन ओस आणि एक ढग इकडून तिकडे तरंगतोय. पाहायला मजा येते.

विल्यम यंग आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्लवकांबद्दल (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) याच धर्तीचं काम नेचरमध्ये छापलं. पाणी ढवळलं जात असतानाही जन्मदाता आणि पिल्लू यांची जोडी जवळजवळच राहते आणि प्लवकांचे डाग पडू शकतात, असा मुद्दा.

आता स्पर्धा घाला. ठराविक त्रिज्येच्या आत जितके शेजारी, तितकी जन्माची शक्यता कमी. ही त्रिज्या लहान आणि पिल्लं त्याहून लांब पडत असतील तर चित्र बऱ्यापैकी एकसारखं होतं. टोकदारांचं जंगल ते हेच. पण त्रिज्या मोठी आणि पिल्लं आईजवळच पडत असतील तर ठिपके घट्ट पुंजक्यांत जातात, आणि पुंजके एकमेकांपासून साधारण त्या त्रिज्येच्या मापाच्या अंतरावर, जवळपास षटकोनी मांडणीत उभे राहतात. कारण पुंजक्यात असलात तर फक्त स्वतःच्या पुंजक्याशी स्पर्धा; दोन पुंजक्यांच्या मधे बसलात तर दोघांशी. मधली जागा रिकामी आहे म्हणून चांगली आहे, असं नाही.

टोकदार

हे मला माहीत नव्हतं, करून बघतो. पण मग माझा मूळ प्रश्न आणखी टोकदार झाला. पुंजका योगायोगाने, वंशाने, जमिनीने आणि आता स्पर्धेनेही होतो. हातात नकाशा असेल तर यातलं काय घडलं ते ओळखायचं कसं?

नवखी

मी रिप्लींच्या के फलनाबद्दल वाचलंय. प्रत्येक ठिपक्याभोवती त्रिज्या वाढवत शेजारी मोजायचे आणि निव्वळ यदृच्छ असतं तर क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती आले असते त्याच्याशी ताडायचं. त्याने कळत नाही का?

निरंक

त्याने पुंजका आहे की नाही आणि कुठल्या मापाचा आहे ते कळतं. क्लार्कच्या चौकोनांपेक्षा ते बरंच चांगलं, कारण चौकोनाचा आकार बदलला की निष्कर्ष बदलायची भीती नाही. पण कारण कळत नाही, आणि हे आपल्या हुशारीच्या कमतरतेमुळे नव्हे.

दोन मॉडेल घ्या. पहिलं नेमन आणि स्कॉट यांचं, १९५० च्या दशकातलं, मुळात दीर्घिकांच्या समूहांसाठी केलेलं: अदृश्य आया यदृच्छ विखुरलेल्या, प्रत्येकीभोवती पॉयसाँ संख्येने पिल्लं. दुसरं कॉक्स यांचं, १९५५: जमीनच कमीजास्त सुपीक, सुपीकता यदृच्छ, आणि जीव तिच्या प्रमाणात स्वतंत्रपणे उगवलेले. एकात कारण वंश, दुसऱ्यात कारण जमीन. बार्टलेट यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की पहिलं मॉडेल हे दुसऱ्याचाच एक प्रकार आहे. प्रत्येक आईभोवती एक सुपीक टेकाड आहे असं समजा, झालं. दोन्हींची संभाव्यता शब्दशः एक. एका वेळच्या एका नकाशावरून, मग तो कितीही मोठा असो, या दोन कथांत निवड करणारी कसोटी असूच शकत नाही.

पनामातल्या बॅरो कोलोराडो बेटावरच्या ५० हेक्टरच्या पट्ट्यात एक सेंटिमीटरहून जाड प्रत्येक झाडाची नोंद होते. २००० मध्ये कॉन्डिट आणि सहकाऱ्यांनी अशा पट्ट्यांची तुलना केली तेव्हा बहुतेक जाती पुंजक्यांत निघाल्या, आणि दुर्मीळ जाती जास्तच. टोकदारांचे किडे आणि बुरश्या तिथेही आहेतच, तरीसुद्धा. पण त्या नकाशावरून वंश की जमीन हे भांडण मिटलं नाही ते उगीच नाही.

चकवा

म्हणजे एवढं सगळं वाचून उत्तर काय, तर नकाशा गुंडाळून ठेवा?

रानभुली

गुंडाळू नका, त्याच्या जोडीला दुसरं काहीतरी ठेवा. बार्टलेटचा अडसर फक्त एका क्षणाच्या, बिननावाच्या ठिपक्यांना आहे.

एक म्हणजे काळ. त्याच जागेची काही वर्षांनी पुन्हा गणती करा. जमीन कारण असेल तर झाडं बदलतील पण दाटीची जागा तीच राहील. वंश कारण असेल तर पुंजका सरकेल, पसरेल, एखादा विरून जाईल. बॅरो कोलोराडोवर साधारण दर पाच वर्षांनी गणती होते ती त्यामुळे फार मोलाची आहे.

दुसरं म्हणजे नातं. प्रत्येक ठिपक्याचं जनुकीय नमुन्यावरून नातं काढलं तर पुंजक्यातले एकमेकांचे सख्खे आहेत की वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊन एका चांगल्या जागी रुजलेले, हे थेट दिसतं. इथे राइट-मालेकोंची सूत्रं मोडकी असूनही कामी येतात. रूसे यांनी १९९७ मध्ये दिलेली रीत अशी: दोन मितींत जनुकीय फरकाचं एक माप अंतराच्या लॉगरिदमसमोर मांडा, रेषेचा चढ १/(४π × घनता × पावलाचा व्हेरियन्स) येतो. पुन्हा लॉगरिदमच, निरंकांची १ + १/२ + १/३ वाली बेरीज वेगळ्या वेषात. चढावरून एका पिढीत जीव किती सरकतात याचा अंदाज मिळतो, एकाही बीमागे न धावता. पाणकोंबडा म्हणतात त्या लांब उड्या मात्र यातूनही निसटतात, व्हेरियन्समध्ये त्यांचा वाटा असतो पण चेहरा दिसत नाही.

टोकदार, तुमच्या ओढ्यावर जायचं असेल तर पानं गोळा करून आणा, नुसत्या जागा टिपून उपयोग नाही.

टोकदार

पानं आणीन. पण ओढ्याकाठचा पट्टा अरुंद आणि लांब आहे, म्हणजे मिती एक धरायची की दोन? आणि पट्ट्याबाहेरची झाडं मोजली नाहीत तर काठावरच्या ठिपक्यांचे शेजारी कमी भरणार.

निरंक

जीव एका पिढीत पट्ट्याच्या रुंदीपेक्षा कमी सरकत असेल तर जवळच्या अंतरांना दोन मिती, दूरच्या अंतरांना एक. दूरच्या भागात लॉगरिदम सोडून साध्या अंतरासमोर मांडा, रूसेंच्याच लेखात तेही आहे. काठाची दुरुस्ती के फलनात करता येते: वर्तुळाचा जेवढा कमी भाग पट्ट्यात येतो त्या प्रमाणात शेजाऱ्याला जास्त वजन द्यायचं. फार अरुंद पट्ट्यात ही वजनं बेफाम वाढतात, तेव्हा त्रिज्या रुंदीच्या निम्म्यावर थांबवा.